आमच्या गेटवरचा नजरबट्टू

जयपुरात नवं घर बांधायला काढलं की त्याच्यावर आधी नजरबट्टू टांगतात. काळाकुट्ट राक्षसाचा चेहरा, शिंगं, बाहेर लोंबणारी लाल जीभ. आपल्याकडं दारावर काळी बाहुली बांधतात ना, तसंच. वाईट नजर त्याच्यावर पडावी आणि घर वाचावं. ट्रकच्या मागं, दुकानाच्या शटरवर, जिकडं तिकडं असतो. इतकी वर्षं बघत आलो, मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

मग एके सकाळी तो आमच्या मैदानाच्या गेटवर लागला. क्लबनंच लावलेला भलामोठा बॅनर. आणि त्या राक्षसाला तोंड होतं आमच्या बचावपटूचं.

आमचा फुटबॉल क्लब सांगानेरच्या बाजूला आहे. मी तिथं किट सांभाळतो. जर्सी धुवायच्या, बूट पुसायचे, मोज्यांच्या जोड्या लावायच्या. नववीत शाळा सुटली, आणि कराडकडचा मी इतक्या लांब येऊन पोचलो तो साहेबांमुळं. साहेब लष्करातून निवृत्त झालेले, मराठी, क्लबचे मॅनेजर. त्यांनी नोकरी दिली, खोली दिली. काकू सणाला डबा भरून देतात. यातलं काही मी विसरलेलो नाही. त्यात मी घाबरट. साहेबांनी जरा मोठ्यानं हाक मारली तरी वाटतं, गेली नोकरी.

बचावपटू नायजेरियाचा. मला ‘भाऊ’ म्हणायचा, मीच शिकवलेलं. सराव संपला की बाटल्यांची झाकणं जमिनीवर मांडून समोरच्या संघाची चाल समजावत बसायचा. पण पेपरात त्याच्याबद्दल काय छापून यायचं? पहाड. सांड. जंगली ताकद. त्याला डोकं आहे हे कुणाच्या लेखी नव्हतंच. मीटिंगमध्ये तो काही सुचवायला लागला की कोच म्हणायचे, “तू सोचना छोड़, बस दीवार बन जा.” एकदा त्यानं विचारलं, पाय सुजलेल्या पोराला खेळवताय कशाला? तर कोच लगेच, “इसमें गर्मी बहुत है.” त्याच गोष्टीवरून आमच्या गोऱ्यापान कॅप्टननं ड्रेसिंग रूमचं दार लाथ घालून बिजागरीतून उखडलं होतं. तेव्हा सगळे काय म्हणाले? “लीडर है, लीडर!”

बॅनर लागला त्या सकाळी तो गेटपाशी थबकला.

“भाऊ, ये क्या है?”

मी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. घरावर लावतात, वाईट नजर लागू नये म्हणून.

त्यानं बॅनरकडं बोट केलं. “मतलब सबकी बुरी नज़र मेरे ऊपर?”

मी जर्सींचं गाठोडं उचलून आत वळलो, तो माझ्यामागून आला.

आत पत्रकार आले होते, रविवारच्या सामन्याचं विचारायला. त्यांच्यासमोर जाऊन तो मोठ्या आवाजात म्हणाला, “मैं यहाँ खेलने आया हूँ. मैं तुम्हारे दरवाज़े का राक्षस नहीं हूँ. इसे नीचे उतारो.” एवढंच. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर. ‘विदेशी खिलाड़ी भड़का.’ आणि कुणीतरी वर तिखटमीठ लावलं, की त्यानं फोटोग्राफरची कॉलर धरली.

साहेबांनी मला तिलक नगरच्या घरी बोलावलं. कोच सोफ्यावर बसलेले.

“तू तिथंच होतास ना? कॉलर धरली त्यानं?”

“नाही साहेब. आवाज चढवला. हात नाही उचलला.”

“नीट आठव.”

“नीटच आठवतंय साहेब.”

कोच हसले. “नहीं पकड़ी तो पकड़ लेता. ये लोग भड़क जाएँ तो भरोसा नहीं.”

माझं डोकं सणकलं. “आणि कॅप्टनसाहेबांनी दार तोडलं ते? त्यांचा भरवसा आहे का?”

साहेबांनी चष्मा काढला. “तुला इथं कुणी आणलं रे?”

“तुम्ही. उपकार आहेत तुमचे. म्हणून तर तुमच्या तोंडावर खोटं बोलवत नाही.”

काकूंनी आतून हळूच डोकावून बघितलं. साहेबांनी निर्णय सांगितला. त्यानं कॅमेऱ्यासमोर माफी मागायची. नाही मागितली तर रविवारी संघाबाहेर. बॅनर राहील, पब्लिकला आवडलाय, फोटो काढतायत लोक. निरोप पोचल्यावर तो म्हणाला, आधी बॅनर उतरवा, मग बोलू. झालं. बाहेर.

रविवारी तो प्रेक्षकांत साध्या शर्टात येऊन बसला. आम्ही एका गोलानं जिंकलो, म्हणून तर सगळ्यांना वाटलं आपलंच खरं. सामना सुटल्यावर गेटवर झुंबड. एका बाईनं आपलं लेकरू त्याच्या हातात दिलं. “भैया, इसके नीचे खड़े हो जाओ, सेम टू सेम पोज़, जीभ बाहर!” त्यानं लेकराच्या गालाला हात लावला, ते परत दिलं आणि मान हलवून नाही म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, कितना घमंडी है!”

खिशात खेळाडूंच्या पायाला बांधायच्या पट्ट्या कापायचं ब्लेड होतं. मी गेटवर चढलो. पहिली दोरी कापताना बोटही कापलं. दुसरी कापली. बॅनर धाडकन खाली आला. लोक शिव्या देत होते, आणि मी वरून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आता सांगता येणार नाही, पण मराठीत होतं.

साहेब धावत आले. मला वाटलं, संपलं. खोली, नोकरी, सगळं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते बचावपटूवर बोट रोखून म्हणाले, “मेरे सीधे-सादे आदमी को भड़काया तूने!”

“साहेब, मी केलंय! माझं मी केलंय!”

“तू गप. तुला काय कळतंय.”

“त्याला तर ठाऊकपण नव्हतं!”

कोच म्हणाले, “देखा? मैंने कहा था.” कॅप्टन म्हणाला, अशानं संघातलं वातावरण बिघडतं. वातावरण! उखडलेल्या दाराला नवी बिजागरी मी बसवली होती, तेव्हा नव्हतं बिघडलं कुणाचं वातावरण. कापलं मी, रक्त माझ्या बोटातून येत होतं, ब्लेड माझ्या मुठीत होतं. तरी गुन्हेगार तोच. तोंड उघडणारा काळा माणूस एकदा समोर सापडला की दुसऱ्या कुणाकडं बघायची गरजच पडत नाही. मी साधा, मी बिचारा. तो तापट, तो चिथावणारा. त्यानं जीभ आवरली असती तर म्हणाले असते, आतल्या गाठीचा आहे.

संध्याकाळी त्याला क्लबातून काढल्याचं कळलं. मी त्याचे बूट पुसून पिशवीत भरले. तो म्हणाला, “भाऊ, तूने गलत नहीं किया.” मला ते ऐकवेना. माझी समजूत त्यानं का काढायची?

सकाळी मी तिलक नगरला जाऊन साहेबांच्या दारात उभा राहिलो.

“साहेब, बॅनर मी कापला. काढायचं तर मला काढा.”

साहेब पेपर वाचत होते.

“चपला काढ, आत ये,” ते म्हणाले. “चहा घे.”