नातीसाठी राखलेला भोपळा

मी चौथीच्या पुढं शाळा बघितली नाही, पण भोपळा वाळवावा तर मीच. दर पावसाळ्यात घरामागच्या मांडवावर कडू भोपळ्याचा वेल चढवतो. कडू असल्यामुळं भाजीला कुणी तोडून नेत नाही. देठ वेलावरच सुकू द्यायचा, मग देठासकट कापून पडवीच्या वाशाला टांगायचा आणि विसरून जायचं. थंडीत सालीवर काळी बुरशी चढते. सून नाक मुरडते, "मामंजी, कुजले हो सगळे!"

"हात लावू नगंस," मी म्हणतो.

उन्हाळ्यात हलवला की आत बिया खुळखुळतात. मग तीच सून ते घासून, रंगवून हॉलमध्ये मांडते आणि पाहुणे फोटो काढतात.

यंदाचा सगळ्यात मोठा मात्र मी तिला दिला नाही.

"ह्याचा दिवा किती छान होईल. दोन-चार भोकं पाडली की झालं."

"भोक पडलं की पाणी शिरंल. ह्यो नातीचा हाय."

नात पोहण्याच्या क्लासला दोन दिवस गेली आणि रडत परत आली. तेव्हापासून पाण्याचं नाव काढलं की घरात पळायची. आमच्या घरात सगळे पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकले. तिचं भ्या ह्याच उन्हाळ्यात घालवायचं, असं मी ठरवलं होतं.

विहिरीच्या खालच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मी तिच्या पाठीला भोपळ्याचा दोर बांधायला लागलो.

"पाठीवर नको, आजोबा."

"भोपळा पाठीलाच असतोय. माझ्या बापाच्या बी पाठीलाच व्हता."

"मागं असला तर तो आहे का सुटला, मला कसं कळणार?"

 

काठावरून सून हसली, "आता बोला, मामंजी!"

मी गाठ सोडली. दोर तिच्या कमरेला बांधून टोक मुठीत धरलं आणि भोपळा तिच्या हातात दिला. तिनं तो छातीशी कवटाळला, डोळे मिटले नि पायरी सोडली. भोपळा जरा दबला, पण त्यानं तिला वर धरलं. तिनं आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग पाय मारायला लागली, ते माझ्या तोंडावर पाणी उडेपर्यंत.

समोरच्या भिंतीला हात लावून ती परत आली आणि ओरडली, "आजोबा, सरका की! मला वळायचंय."

मी सरकलो.