जब्बारभाईंचं एकच गाणं

कात्रजला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये जब्बारभाई राहतात. आता पंचाहत्तरीला आलेत, गुडघे कुरकुरतात. पण एके काळी यांच्यासारखे केस वाढवण्यावरून पुण्यात घराघरांत भांडणं व्हायची. यांचं गाजलेलं गाणं एकच, 'निळ्या पाण्याखाली'. सायकेडेलिक रॉक, तेही मराठीतून! गिटार अशी गरगरायची की ऐकणाऱ्याला चक्कर यावी. अर्थ विचाराल तर आजही कुणाला सांगता येणार नाही. रेडिओवर मात्र रोज.

वडिलांचं कॅम्पात शिवणकामाचं दुकान. मुलाचे फुलाफुलांचे शर्ट त्यांनीच शिवले, तोंड वाकडं करून.

मग पहिला मोठा कार्यक्रम ठरला. वेळ पाचची. परदेशातले कलाकार लोकांना मुद्दाम ताटकळत ठेवतात, असं जब्बारभाईंनी कुठंसं वाचलेलं. म्हणून हे मागच्या गल्लीत चहा पीत बसले. अहो, पुण्यात! लोकांनी घड्याळं पाहिली आणि सरळ घरचा रस्ता धरला. प्रेक्षकांतून मीही उठले, त्याची मला मुळीच खंत नाही. पुढचं त्यांनीच अलीकडे सांगितलं.

दीड तासाने हे मंचावर आले, तर पहिल्या रांगेत एकटे वडील. दुकान लवकर बंद करून आलेले.

"मैं बैठा हूँ ना. तू बजा."

"आपके वास्ते नहीं बजाता मैं!"

वडिलांनी टोपी सारखी केली आणि निघून गेले. पुढची रेकॉर्ड पडली, बँड मोडला, हे दुकानात बसले. बापलेक कित्येक वर्षं शेजारी मशीन चालवत होते, पण त्या संध्याकाळचा विषय नाही. वडील गेले, माफी मागायची राहिली ती राहिलीच.

यंदा नातू अयानच्या वाघोलीच्या कॉलेजातल्या मुलांना ते गाणं इंटरनेटवर सापडलं. बोलावणं आलं.

"बाई, गाण्याचं सोडा. अब्बांना जे बोललो ते एकदा चारचौघांत कबूल करायचंय."

"मग करा की! मुहूर्त काढून देऊ?"

त्यांच्याबरोबर मीही गेले. अर्ध्या गाण्यात ते थांबले, माईकजवळ वाकले.

"माझे वडील एकटेच ऐकायला थांबले होते. मी त्यांना हाकलून दिलं."

गिटारचा आवाज अजून घुमत होता. पोरांना ते गाण्यातलंच वाटलं. शिट्ट्या, टाळ्या, "वन्स मोअर!"

जब्बारभाई मान खाली घालून उभे. मग तेच शब्द त्यांनी पुन्हा म्हटले. टाळ्या दुप्पट झाल्या. तिसऱ्यांदा माईककडे वाकले, तेव्हा मी मंचावर चढले आणि दंडाला धरून त्यांना खाली आणलं.