मार्गशीर्षातलं ऊन

आमच्या सासरी माणसं ऊन लागून मरतात. सासरे गेले, नणंद गेली, मग नवरा. नवरा तर मार्गशीर्षात गेला, अंगावर दोन घोंगड्या असताना. तरी पाहुण्यांना सांगितलं, ऊन लागलं. घरात आजार आहे म्हटलं की सोयरीक मोडते. खरं तर तिघांची तऱ्हा एकच होती. आधी डोकं दुखायचं, मग पाय सुजायचे, तोंड फुगायचं.

गेल्या वर्षी मोठ्या नातीचं डोकं दुखायला लागलं. ती नववीत आहे, नांदेडला माझ्या मुलाकडे. मी रेणापूरजवळ गावी एकटी असते. धाकट्या दिरांबरोबर तिला बघायला गेले, तर सगळेच दवाखान्यात निघाले होते. आम्हीही गेलो. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी आहेत, त्यानं एवढ्या पोरीचं बीपी वाढलंय, हृदयावर ताण येतोय. हा आजार बहुतेक घरातूनच येतो. आधी कुणाला होता का?

मुलगा म्हणाला, "आमच्यात कुणालाच न्हाई."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नातीच्या लग्नाची उदगीरला बोलणी चालली होती. माझी धाकटी नात सुनेच्या मांडीवर बिस्कीट खात बसली होती. तिचं डोकं अजून दुखत नव्हतं.

मी म्हणाले, "हाय. ह्याच्या बापाला होतं. आत्याला, आज्याला होतं. ऊनबिन काही न्हाई."

बाईंनी मुलाला आणि धाकटीलाही तपासून घ्यायला सांगितलं.

बाहेर आल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, आता आमच्या पोरीचं लगीन तुम्हीच लावून द्या."

"लावते की. आधी तिचीबी सोनोग्राफी करा."

उदगीरची बोलणी मोडली. दिरांचं घर माझ्या घराला लागून आहे. मधल्या भिंतीत दार होतं, ते त्यांनी विटा लावून बुजवलं. मुलगा फोन करत नाही. सून भाजी आणायला बाहेर पडली की करते. तिच्याकडूनच कळलं, मुलाच्याही किडनीत गाठी निघाल्या. धाकटीलाही आहेत, पण बारीक. लवकर सापडल्या. आता तिचं बीपी दर महिन्याला मोजतात, घरात मीठ कमी केलंय.

"तुम्ही लोणचं तेवढं धाडू नका," ती म्हणाली.

दरसाल बरणीभर धाडायचे. यंदा कैऱ्या आणल्याच नाहीत. एकटीला किती लागतं.