साइटचं नवीन रूप आणि जावेचं ऑपरेशन

माझ्या धाकट्या जावेला एक दुर्मीळ आजार आहे. एरवी ती ठणठणीत असते, वडप्याच्या पलीकडच्या माहेरी गेली की अजून भात लावायला उतरते. पण काही नेहमीची औषधं अंगात गेली की तिच्या पोटात असह्य कळा येतात, हातापायांतली ताकद जाते. त्यामुळे त्या दुपारी पोट दुखायला लागलं तेव्हा आम्हाला वाटलं, पुन्हा तेच.

या वेळी तसं नव्हतं. निजामपुऱ्यातल्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि सर्जननी सांगितलं की अपेंडिक्स सुजलंय, कधीही फुटेल. दीर तिला मुंबईला न्यायचं म्हणत होते. खाली गाडी उभी होती, पण मानकोलीच्या नाक्यावरच ट्रकांच्या रांगेत अडकलो असतो. तिला या आजारासाठी नेहमी तपासणारे मुंबईचे मोठे डॉक्टर विमानात होते. त्यांच्या मदतनीस डॉक्टरीणबाईंनी कोणाला तरी विचारून फोन करते असं सांगितलं, पण फोन काही येईना.

भूल देणारे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी काही लपवलं नाही. कोणती औषधं टाळायची हे त्यांना बऱ्यापैकी माहीत होतं, पण ट्रेमधल्या दोन औषधांबद्दल त्यांची खात्री होत नव्हती. ताजा, भरवशाचा लेख डोळ्यांखालून घातल्याशिवाय सुई उचलायला ते तयार नव्हते. मी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, संशोधनाचे लेख ज्या साइटवर मिळतात ती वापरायला मुलांना शिकवते. तसं मी सांगितल्यावर ते बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले.

"आप ढूँढिए," ते म्हणाले. "पढ़ना मेरा काम."

मोबाईलवर साइट उघडली आणि मला वाटलं, मी भलतीकडेच आले. नवीन रूप येणार अशी सूचना कितीतरी दिवस दिसत होती, पण आमच्या ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर अजून जुनंच चालू होतं. इथे लेख गाळून घ्यायची डावीकडची सगळी पट्टी गायब होती. वर्षं, लेखाचा प्रकार, फुकट वाचता येणारे लेख, जिथे मी डोळे मिटून बोट ठेवलं असतं तिथे पांढरी जागा. जावेच्या आजारावरचे लेख मी माझ्या खात्यात वेगळे काढून ठेवले होते. ते उघडायला गेले तर साइट नव्याने ओळख पटवायला सांगू लागली आणि त्यासाठीचा आकडा कॉलेजच्या ईमेलवर गेला. तो ईमेल कॉलेजबाहेर उघडत नाही.

मग नव्याने शोधायला घेतलं. आजाराचं नाव आणि भूल हे शब्द घातले, तर लेखांचा ढीग समोर आला. सगळ्यात वर होता तो फार जुना होता. त्याच्या खालचा उघडला, तर पैसे भरा म्हणाला. तेवढ्यात एक चौकट वर आली. नवीन रूप कसं वाटलं, तारे देऊन सांगा. ती बंद करताना माझा अंगठा घसरला आणि सगळा शोध पुसला गेला.

आतून जावेचं कण्हणं ऐकू येत होतं. भिंतीपलीकडच्या कापडाच्या लूमची खटखट एकसारखी चालू होती. दीर माझ्या डोक्यावर वाकून उभे होते.

"गावला का वहिनी?"

मी नाही म्हणून मान हलवली. सर्जन दारात येऊन भूलतज्ज्ञांकडे नुसते बघून गेले.

पुन्हा शब्द घातले. स्क्रीनच्या तळाशी परवानगी मागणारी एक राखाडी पट्टी होती. ती काढली तेव्हा तिच्याखाली गाळणीचं चिन्ह दिसलं. ते दाबल्यावर माझी जुनी डावी पट्टी अख्खी वर आली. अलीकडचे, आढावा घेणारे, पूर्ण वाचता येणारे अशा खुणा केल्या, तेव्हा मोजकेच लेख उरले. मी मोबाईल भूलतज्ज्ञांच्या हातात दिला.

ते सावकाश वाचत होते. मला ते फारच सावकाश वाटलं. एक लेख झाला, दुसरा उघडला, मग पहिल्याकडे परत गेले. शेवटी त्यांनी सिस्टरना बोलावून ट्रेमधली एक बाटली काढायला लावली. दुसऱ्या औषधाबद्दल लेखांचंच एकमत नव्हतं.

"शक है तो नहीं देंगे," एवढं म्हणून तेही त्यांनी बाजूला ठेवलं आणि आत गेले.

मदतनीस डॉक्टरीणबाईंचा फोन नंतर आला. त्यांनीही तीच दोन औषधं टाळायला सांगितली. तेव्हा कुठे मी पाठ टेकली.

ऑपरेशन नीट झालं. तरी भीती संपली नव्हती, कारण तिचा त्रास उशिरानेही उठतो. सर्जन येता-जाता तिला आपलं बोट दाबायला लावत, ताकद बघत. मधे एकदा तिला कळ आली आणि दिरांचा चेहरा उतरला. ती टाक्यांचीच निघाली.

पेज द्यायची परवानगी मिळाली त्या दिवशी दीर डबा आणायला गेले होते आणि मी तिच्याजवळ बसले होते. तिने विचारलं, मी मोबाईलमध्ये काय शोधत होते. मी जमेल तसं सांगितलं. साइट बदलली, खुणा सापडेनात, सगळं.

"मंग बदलली कशाला?" ती म्हणाली. "चालत व्हती ना?"

कोणाला तरी नवीन सोपी वाटत असेल, असं मी म्हटलं. तिला ते पटलं नाही. ती कूस बदलायला लागली, तशी मी उठून तिच्या पाठीला हात लावला.