घळीतला बर्फ

लाहौलमधला एप्रिलचा बर्फ पहाटे दगडासारखा आणि दुपारी भिजल्या पोत्यासारखा. उन्हं उताराला लागायच्या आत घळ ओलांडायची, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तोबदनला तर होतंच. पण त्या दिवशी घळीपलीकडचं पाटाचं तोंड मोकळं करायची पाळी त्याची होती, आणि पाण्याचा कारभारी पालजोर, ज्याला सगळे मेमे म्हणजे आजोबा म्हणत, त्याच्या घरची बैठक चहावर चहा पीत दुपारपर्यंत लांबली. उद्या पहाटे जातो, असं तोबदन म्हणाला.

"बायकोनं चुलीपाशी बांधून ठेवलंय वाटतं?" मेमे म्हणाला. सगळे हसले. तोबदन फावडं घेऊन निघाला.

हिमलोटाचा आवाज गावभर ऐकू आला. अख्खा उतार दगडमातीसकट घळीत येऊन घट्ट बसला. माणसांनी काही दिवस काठ्या खुपसून पाहिल्या. मग पेरणी आली आणि काठ्या घरी गेल्या.

तोबदनची बायको छिमे आंगमो मात्र थांबली नाही. शेतातला बर्फ लवकर जावा म्हणून तिथल्या बायका त्यावर माती पसरतात; काळी माती ऊन पिते, खालचा बर्फ विरतो. छिमे तेच घळीत करू लागली. रोज पहाटे पाठीवर करंडी, करंडीत माती आणि चुलीतली राख. बर्फ खचू लागला. एक दिवस फावड्याचा दांडा दिसला.

त्याच दिवशी मेमे माणसं घेऊन आला. घळीतला हा ढीग म्हणजे गावाचं उन्हाळ्याचं पाणी.

"सूनबाई, हा आत्ताच वितळला तर जुलैत मटार कशावर जगवायचा?"

"मला मटार नको. नवरा हवाय."

"तो काय आता उठून येणार आहे?"

"उठून नको. जाळायला हवाय."

पुन्हा माती टाकलीस तर तुझ्या शेताचं पाणी तोडू, असं त्यानं बजावलं. शेजारणी करंडीकडे पाहत राहिल्या. छिमे थांबली. थांबेल नाही तर काय, खाणार काय होती?

त्या वर्षी पाट भरून वाहिला. पहिल्या दिवशी घागर बुडवताना तिचा हात अडला, तर मागची म्हणाली, चल ना गं पुढं. तिनं घागर भरली. तेच पाणी प्यायली.

मटार विकून झाल्यावर, ऑगस्टच्या शेवटी, आधी बूट दिसले.

मेमेनं हात जोडले. "पुण्यवान माणूस. पीक निघेपर्यंत पाणी पुरवलं."

"मग पहिला खांदा तुमचा, मेमे."

तो गुडघ्यांचं दुखणं सांगू लागला. या खेपेला कुणी हसलं नाही. तिरडीचा दांडा पुढं करून छिमे तशीच उभी राहिली, शेवटी त्याला तो घ्यावा लागला. पहिल्याच वळणावर त्यानं तो दुसऱ्याच्या खांद्यावर दिला.