डाव्या दाराचा स्पीकर

इथं नेहमी येणाऱ्यांपैकी काहींना मी ओळखीची असेन... इथल्या प्रत्येक भुताटकीच्या अनुभवाखाली "आधी वायरिंग तपासून घ्या" अशी कमेंट टाकणारी ती खडूस बाई मीच. कुणाचा बल्ब आपोआप लागला तर होल्डर ढिला, कुणाचा टीव्ही आपोआप सुरू झाला तर शेजाऱ्याचा रिमोट. दोन-तीन जणांनी मला ब्लॉक केलंय आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. करंट कुठून येतो आणि कुठं जातो, हे दुसऱ्यांच्या डोक्यात घालणं हेच माझं काम. भूत-बीत, साया-बिया यावर माझा काडीचा विश्वास नव्हता... म्हणजे अजूनही नाही. तरीही आज लिहितेय. आणि हो — वायरिंग मी तपासलंय. तीनदा.

माझं माहेर देवगाव रंगारी. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिकअप चालवायचे. स्वतःच्या शेतातली आणि आजूबाजूच्यांची भाजी भरायची, पहाटे संभाजीनगरला न्यायची, विकायची आणि दुपारी परत. आई कायम शेजारच्या सीटवर. भाजी तोडणं, जुड्या बांधणं, बाजारात बसून विकणं, सगळं तिचं. अण्णांकडे ड्रायव्हिंग आणि गाणी. त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये भीमगीतं, गवळणी, कव्वाल्या सगळं एका दावणीला बांधलेलं असायचं.

पिकअपला कंपनीचे दोन स्पीकर होते, दोन दारांत एकेक. त्यातला डावा, आईच्या बाजूचा, कधीच वाजायचा नाही. मी माहेरी गेले की हमखास हा विषय काढायची.

"अण्णा, मी हेच शिकवते हो. लोक हसतील मला. आणा गाडी, अर्ध्या तासाचं काम आहे."

"असू दे गं. एका बाजूनं बी गाणं कळतंयच की."

मग मी त्यांना लेक्चर द्यायची. कॉइल जळाली असेल, कोन फाटला असेल, दारात पाणी गेलं असेल. अण्णा एकदम शहाण्या विद्यार्थ्यासारखे मान डोलवायचे. "व्हय का? कॉइल म्हंजी काय असती?" असं विचारायचेसुद्धा! मी कागदावर आकृती काढून दाखवायची. आणि पुढच्या खेपेला डावा स्पीकर पुन्हा मुका.

मागच्या वर्षी अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, ओट्यावर टेकले आणि संपलं. आईला मी माझ्याकडे मुकुंदवाडीला घेऊन आले. पिकअप गावीच उभी राहिली.

आणि आईची झोप गेली. गेली म्हणजे अक्षरशः गेली. मी सकाळी उठून बघावं तर तिच्या अंथरुणाची घडीसुद्धा मोडलेली नसायची. आई स्वयंपाकघरात, पुढ्यात निवडलेली डाळ. घरातल्या सगळ्या डाळी निवडून झाल्या तशी तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. "गोळीनं गुंगी येती, झोप नाय येत," म्हणायची. वजन उतरलं, हात थरथरायला लागले. एक दिवस बाथरूममध्ये तोल जाऊन पडली, नशिबानं हाड वाचलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, या वयात असं फार दिवस चालणार नाही, शरीर साथ सोडेल. त्या दिवशी मी खरंच घाबरले. वडील तर गेलेच होते, आता आई डोळ्यांदेखत झिजत होती आणि मला काहीही करता येत नव्हतं.

तिनं एकच गोष्ट मागितली — दर रविवारी शेत बघून यायचं आणि तेही पिकअपमधून. आमच्या कारमध्ये तिचा जीव घुसमटतो. पिकअप मला चालवता येते, अण्णांनीच शिकवलीय. मी गाडी शहरात आणली, बॅटरी नवी टाकली. म्हटलं, आणलीच आहे तर आईच्या बाजूला चांगला स्पीकर बसवू. निदान अण्णांची गाणी तरी तिला नीट ऐकू येतील.

आमच्या घराजवळ सलीमभाईंचं गाड्यांच्या टेपचं दुकान आहे. फार जुनी ओळख. त्यांनी डाव्या दाराचं पॅनल उतरवलं, स्पीकर बाहेर काढला आणि त्याच्या टोकांना पेन्सिल सेलची वायर टेकवली. टक्! स्पीकर बोलला. पुन्हा टेकवली. टक्!

"मॅडम, इसकू खराब कौन बोला?"

"आमचे अण्णा."

"ये तो एकदम नवा कोरा है. वो दूसरा देखो, बज-बज के उसके किनारे फट गए. ये तो लगता है कभी बजाच नहीं." मग त्यांनी जुना टेप चालू करून सेटिंग उघडली आणि हसायला लागले. "हौ, ये देखो. बॅलन्स पूरा राइट को है. मालिक खुद करके रखे थे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — बॅलन्स म्हणजे आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये कसा वाटायचा, ती सेटिंग. पूर्ण उजवीकडे नेली की डावा गप्प. यात बिघाड काही नाही, बटण फिरवलं की झालं. आणि मी, इलेक्ट्रॉनिक्सची मास्तरीण, इतकी वर्षं त्या माणसाला कॉइलची आकृती काढून दाखवत होते! आधी हसू आलं, मग राग. हे नाटक कशासाठी?

घरी येऊन आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णांच्या गाडीत तू गाणी ऐकायचीस का गं?"

"मी कुठली ऐकती? दुपारी गाडी बाजारातून निघाली की माझा डोळा लागायचा. पहाटं तीनला उठलेलं शरीर ते. तेवढीच काय ती झोप भेटायची दिवसभरात." मेथी निवडता निवडता ती थांबली. "तुझ्या अण्णाला म्हणायची, माझ्यापायी नका गप बसू, लावा की गाणी जोरात. तर म्हणायचे, लावलीच हायती, तुझ्याच बाजूचा बिघडलाय, त्याला मी काय करू?"

मला तिथंच उमगलं. पण आईला काही सांगितलं नाही. तिच्या पुढ्यातली अर्धी जुडी ओढली आणि मीही मेथी निवडायला बसले.

तर नवे स्पीकर बसले, सोबत नवा टेपही. बॅलन्स मी स्वतः शून्यावर, बरोबर मध्ये ठेवला. रविवारी आम्ही दोघी निघालो. आई दाराला कान लावून ऐकत होती. "ह्या गाण्यात बासरी हाय व्हय!" असं म्हणून तिनं डोळे पुसले. शेत बघितलं, बांधावर भाकरी खाल्ली, दुपारी एकच्या सुमारास परत फिरलो.

कसाबखेडा मागं पडला आणि आईची मान एका बाजूला कलली. त्याच क्षणी आवाज हलायला लागला. एकदम तुटला नाही — लूज कनेक्शनला आवाज तुटतो, खरखरतो, हे मी झोपेतही सांगेन. हा सरकत होता. टेपच्या स्क्रीनवर बॅलन्स आपोआप उघडला होता आणि आकडे एकेक करून पुढं जात होते. आर-एक... आर-दोन... कुणीतरी शेजारचं माणूस उठू नये म्हणून बेतानं बटण फिरवावं, तसे. आर-नऊला थांबले. आईच्या दारातला स्पीकर पूर्ण गप्प, सगळी कव्वाली माझ्या दारातून.

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. भर दुपार, समोर वेरूळला निघालेल्या गाड्यांची रांग, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण भीती नाही वाटली. कशी वाटेल? शेजारी आई तोंड उघडं टाकून झोपली होती! वेरूळ गेलं, खुलताबादचा घाट उतरला, दौलताबाद गेलं, तरी उठली नाही. मुकुंदवाडीला ब्रेक लागला तेव्हा तिनं डोळे उघडले, आणि आकडे उलटे मोजत शून्यावर आले. "आलं व्हय घर?" आई म्हणाली.

सोमवारी मी रजा टाकली आणि मल्टीमीटर घेऊन बसले. वायरी, कनेक्टर, अर्थिंग सगळं ठीक. टेपचा रिमोट न फोडलेल्या पाकिटात, पाकीट घरी कपाटात. फोन जोडलेला नाही. सलीमभाईंनी टेपच बदलून दुसरा लावला. पुढच्या रविवारी कसाबखेड्यानंतर पुन्हा तेच. सीटमुळे होतंय का बघायला मी आमच्या ह्यांना, म्हणजे संतोषला, आईच्या जागी बसवून त्याच रस्त्यानं नेलं. पाच मिनिटांत हा माणूस घोरायला लागला. दोन्ही स्पीकर दणदणत राहिले, आकडा जागचा हलला नाही. उठल्यावर विचारतो, "काही सापडलं का?"

"हो. तू घोरतोस," मी म्हटलं.

सलीमभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी गळ्यातल्या रुमालानं टेपची स्क्रीन पुसली आणि म्हणाले, "अब इसकू हात नक्को लगाओ मॅडम."

एकदा मी आगाऊपणा केला. आई झोपलेली, आकडा आर-नऊवर, आणि मी मुद्दाम बटण फिरवून शून्यावर आणला. तो झटकन परत नऊला गेला. या वेळी एकेक करून नाही, सट्कन! लहानपणी टेपला हात लावला की अण्णा असाच माझा हात बाजूला सारायचे. मी मोठ्यानं हसले आणि मग रडू फुटलं. अण्णा गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडले ते तिथं.

त्यानंतर मी कारण शोधणं सोडलं आणि फेऱ्या वाढवल्या. रविवारबरोबर बुधवारीही कामावरून आले की आईला घेऊन निघायची. घर आलं आणि ती झोपलेलीच असली तर तशीच पुढं चिकलठाण्याला, करमाडला जाऊन वळून यायची. संतोष डिझेलवरून एका शब्दानं बोलला नाही, हे त्याच्या खाती नोंदवून ठेवते. आईच्या हातांची थरथर हळूहळू कमी झाली. जेवण वाढलं.

आणि एका सोमवारी मी सात वाजता उठले तर स्वयंपाकघर रिकामं. धसका बसला. पळत तिच्या खोलीत गेले... आई अंथरुणात, कुशीवर, गाढ. आम्ही त्या दिवशी मिक्सर लावला नाही, चहासुद्धा चोरासारखा केला. नऊला उठली आणि "मला उठवलं का नाय?" म्हणून उलट माझ्यावरच तापली.

त्या दिवसापासून तिला घरीच झोप लागते. आणि गाडीत ती टक्क जागी असते. कांद्याचा भाव, वाटेकऱ्याच्या बायकोचं बोलणं, माझं ड्रायव्हिंग, सगळ्यावर तोंड चालू. बॅलन्स शून्यावरून हलला नाही. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण खरं सांगते, मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. तिची झोप भागली होती, माझे अण्णा मात्र पुन्हा गेल्यासारखे झाले होते. एका रविवारी न राहवून मी म्हटलं, "आई, मीट ना जरा डोळे. लांब आहे अजून."

"कशाला? माझी झाली की झोप."

"पाचच मिनिटं."

तिनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "तुझीच झोप झालेली दिसत नाय पोरी. लई महिने माझ्यामागं फिरलीस. घे गाडी बाजूला अन् पड जरा. मी हाय जागी."

खुलताबादच्या अलीकडे एका चिंचेखाली गाडी लावली. इंजिन बंद केलं, टेप चालू ठेवला, सीटला डोकं टेकलं. झोपायचा विचारही नव्हता, पण लागला डोळा.

जाग आली ती शांततेनं. माझ्या दारातून आवाजच येत नव्हता. गाणं चालू होतं, अगदी बारीक, पलीकडे आईच्या बाजूला. स्क्रीनवर आकडा होता एल-नऊ.

"बघ बाई," आई म्हणाली, "तुझा डोळा लागला अन् सगळा आवाज माझ्याकडं आला. मी कशालाच हात लावला नाय हां."

मी सरळ बसले आणि आकडे एकेक करत शून्याकडे निघाले. आम्ही दोघी बघत होतो. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन, पण पटेलच असं नाही. आईला मात्र मी तिथंच सगळं सांगून टाकलं — तिच्या बाजूचा स्पीकर कधी बिघडलेलाच नव्हता, अण्णाच तो बंद ठेवायचे, तिला झोप मिळावी म्हणून.

आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

"अन् मी जन्मभर त्या माणसाला चिक्कट म्हणत आले," ती म्हणाली, "एक स्पीकर दुरुस्त करत नाय म्हणून!"