राणीला पद्य, दासीला गद्य

एका बाईचं लेकरू मेल्याची बातमी आली आणि सगळं सभागृह खदाखदा हसलं. बाई नाटकातली होती, लेकरूही नाटकातलंच. हसणारी माणसं मात्र खरी होती, आणि त्यांना हसायला मी शिकवलं होतं. संस्थेचं दडपण होतं, वेळ कमी होता, पोरांना समज नव्हती, अशी कारणं मी बरेच दिवस सांगत फिरलो. ती सगळी खोटी. चूक माझी होती.

मी परभणीच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी शोकांतिका हा माझा विषय. दर वर्षी मी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारतो. एका बाजूला राजे, राण्या, सरदार, त्यांना पद्य. दुसऱ्या बाजूला दासी, शिपाई, दारावरचे पहारेकरी. त्यांना बहुतेक गद्य. राणी रडते तेव्हा एकटी रडत नाही. तिच्या मागं सगळी ग्रीक आणि रोमन पुराणं उभी राहतात. देवांनी लेकरं मारली म्हणून रडून रडून दगड झालेली आई येते. बापाचा सूर्यरथ हाकायला घेऊन जळून गेलेला पोरगा येतो. दासीसाठी पुराणातलं कुणी येत नाही. तिला धड रडूही देत नाहीत. लोकांना जरा हसू यावं म्हणून तिला आत पाठवतात. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं, परीक्षेत विचारलं, त्यावर गुण दिले. एकदाही मला याचा राग आला नाही. आज त्या रेघेचा येतो, त्याहून जास्त ती मारणाऱ्या हाताचा येतो.

राग तेव्हाच यायला हवा होता, कारण ही रेघ मी माझ्या गावी, बोरीत, लहानपणीच पाहिली होती. जत्रेत गावचं नाटक व्हायचं. राजा ठरलेल्या एका घरातलाच. कारण साधं होतं : जरीचा फेटा आणि तलवार त्यांच्या घरची. फेटा ज्याचा, राजा त्याचा. दोन-चार एकरवाल्यांची पोरं भालदार-चोपदार. माझे वडील शाळामास्तर, म्हणून आमच्या वाट्याला पडद्याआडून संवाद सांगायचं काम. एका वर्षी राजा स्वतःचं नावच विसरला तरी पुढच्या वर्षी राजा तोच. आम्ही घरी त्यावर पोट धरून हसायचो.

पुढं मी शिकलो. ‘लय’चं ‘फार’ केलं, ‘हाय’चं ‘आहे’ केलं, आणि आपण त्या गावातून बाहेर पडलो असं समजलो.

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी मी एका जुन्या शोकांतिकेवरून मराठी नाटक बेतलं. राणीची भाषणं मुक्तछंदात लिहिली, ग्रीक पुराणं तशीच ठेवली. दासीला परभणीची बोली दिली. का? तर मूळ नाटकात ती गद्यात बोलते. आणि खरं सांगायचं तर, लोक हसतात म्हणून.

निवडीच्या दिवशी एम.ए.ची एक मुलगी पुढं आली. झरीची, रोज एसटीनं ये-जा करणारी. वाद घालणारी, गृहपाठ उशिरा देणारी, वर्गात मागं बसून खुसखुसणारी. तिनं राणीचं, त्या दगड झालेल्या आईवरचं भाषण वाचलं. दोन ठिकाणी अडखळली. पण वाचून झालं तेव्हा कुणी खुर्ची हलवली नाही. मी ते पाहिलं. पाहूनही म्हणालो, “छान. तू दासी कर. ती भाषा तुला शिकवावी लागणार नाही.”

पोरं हसली. तीही हसली, मग म्हणाली, “सर, राणीलाबी ही बोली शिकवावी लागत न्हाई, आन् दासीला दुःख शिकवावं लागत न्हाई. अदलाबदल करून बघा की एकदा!”

“राणी ठरली आहे,” मी म्हणालो.

ठरली होतीच. संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी. शालू, दागिने, सिंहासन म्हणून ठेवायची कोरीव खुर्ची, सगळं त्यांच्या घरून येणार होतं. मुलगी वाईट नव्हती, पाठांतर चोख होतं. पण मी तिला पाठांतरासाठी घेतलं नव्हतं. फेटा ज्याचा, राजा त्याचा. बोरीतून मी बाहेर पडलोच नव्हतो.

झरीची मुलगी दासी करायला तयार झाली, कारण तिला आईला कॉलेज दाखवायचं होतं. घरात एम.ए.वरून रोज कटकट चालायची. शिकून हिचं काय होणार, हा आईचा प्रश्न. “एकदा येऊन बघ, मग बोल,” असं म्हणून तिनं आईला प्रयोगाला आणलं. दासी तर दासी, पण लेक शेकडो लोकांपुढं उभी राहिलेली आईला दिसणार होती.

दुपारचा प्रयोग. पहिला तासभर दासी तोंड उघडायची आणि सभागृह फुटायचं. मी पडद्याआड उभा राहून खूश होत होतो. मग शेवटचा प्रवेश आला. राणीचा धाकटा मुलगा मारला गेल्याचं सांगायला दासी धावत येते. ती आली, थांबली. आवाज खरोखर फुटला होता तिचा. “बाईसाब, आपलं लेकरू राह्यलं न्हाई वो.”

सभागृह हसलं. टाळ्या, शिट्ट्या. पहिल्या रांगेत अध्यक्ष मांडीवर थाप मारत होते. ती तशीच उभी. मग तिनं मान वळवून पडद्याआड माझ्याकडं पाहिलं. राणीनं आपलं पुराण सुरू केलं तेव्हा सगळे गप्प झाले, अगदी आदरानं. एका सहकाऱ्यानं मला मिठी मारली, “काय जमवलंय राव!” मी हसलो. हो, मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात आली नाही. परीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपत आली तशी माझी झोप उडाली. शेवटी झरीला गेलो. आई अंगणात तूर पाखडत होती. हात थांबवला नाही.

“बसा गुरजी. पोरीला न्यायला आलाव?”

“मावशी, तिनं परीक्षा द्यायला हवी. हुशार आहे ती.”

“हुशार हाय म्हणून हासायलेत काय लोकं? मी पण असंच बोलते, गुरजी. माझा दादला गेला तवा मी असंच बोलले. ‘राह्यले न्हाईत’ म्हणले. कुणी हासलं न्हवतं.”

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. मी म्हणालो, “माझं चुकलं.”

“इथं कामून म्हणायलाव सर?” ती म्हणाली. “इथं कुणी हासलं का? जिथं हासले तिथं म्हणा.”

“आन् मी समोर बसून ऐकीन,” आई म्हणाली. “मग बघते परीक्षेचं.”

मी लगेच हो म्हणालो नाही, हेही लिहून ठेवतो. त्याच सभागृहातला बक्षीस समारंभ जवळ आला होता. अध्यक्ष, प्राचार्य, सगळे व्यासपीठावर असणार. नोकरीची अजून बरीच वर्षं बाकी होती. परतीच्या एसटीत मी वाक्यं जुळवली : ‘अनवधानाने’, ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’. परभणी येईपर्यंत माझी मलाच शिसारी आली. ही तर पुन्हा राणीची भाषणं.

समारंभात दिग्दर्शनाच्या बक्षिसासाठी मला बोलावलं. मी ढाल घेतली नाही, माईक घेतला. बायकांच्या रांगेत मायलेकी बसल्या होत्या. तिथं पाहत मी म्हणालो :

“ह्या नाटकात लेकरू मेलं तवा तुमी हासलात. तुमचा दोष न्हाई. आमची बोली म्या हासण्यावारी नेली. राणीचं काम जिला येत होतं तिला दिलं न्हाई. ज्या घरचा शालू, त्या घरच्या पोरीला दिलं. मावशी, तुमची लेक रडत होती आन् म्या लोकांना हासवलं. माझं चुकलं. मला माफ करा.”